पडदा हिरवा, खिडकीवर मात्र ‘सर्व्हर डाऊन’

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘सर्व्हर डाऊन आहे, तासाभराने या’ हे वाक्य ऐकले नाही असा माणूस ठाणे जिल्ह्यात सापडणे कठीण आहे. पासबुक भरून घ्यायला गेलेला पेन्शनर असो की दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला विद्यार्थी, खिडकीमागचा कर्मचारी एवढे सांगतो आणि आपण मुकाट्याने घरी परततो. माझे काम त्या खिडकीच्या दुसऱ्या टोकाला आहे. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका नेटवर्क नियंत्रण कक्षात मी गेली सोळा वर्षे पाळ्यांमध्ये काम करतो. खिडकीवर काम ठप्प झालेले असते नेमक्या त्याच वेळी आमच्या भिंतीवरचे संगणकाचे सगळे पडदे हिरवेगार असतात, हा अनुभव मी कितीतरी वेळा घेतला आहे. सर्व्हर खरोखरच चालू असतो. अडलेले असते ते मधल्या लाइनीवर, आणि लाइनीच्या वापराचा आलेख ज्या पद्धतीने काढलेला असतो त्या पद्धतीत ते अडलेले दिसण्याची सोयच नसते.

देखरेखीचे सॉफ्टवेअर विकत घेणे हे एक काम आहे आणि त्यातले आलेख आपल्या कामाप्रमाणे बसवून घेणे हे दुसरे. पहिल्यासाठी निविदा निघते, सादरीकरणे होतात, फीत कापली जाते. दुसऱ्यासाठी निविदेत एक ओळ नसते आणि वेळापत्रकात एक दिवसही नसतो. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती नीट समजावी म्हणून थोडा तपशील देण्याची परवानगी असावी.

काही वर्षांपूर्वी ठाणे आणि नवी मुंबईत बऱ्याच शाखा असलेली एक वित्तसंस्था आमची ग्राहक होती. तिच्या कोपरखैरणे शाखेतून रोज सकाळी दहा ते अकरा या वेळेत तक्रार येई, की पासबुकाचा प्रिंटर अर्ध्या ओळीवर थांबतो. आम्ही आलेख पाहायचो. सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणारी लाइन, वापर तेहतीस-चौतीस टक्के. ‘आमच्याकडून सर्व ठीक आहे’ असे लिहून तक्रार बंद व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडायची. असे सुमारे दोन महिने चालले. शेवटी एका सकाळी मी स्वतः त्या शाखेत जाऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. दहाच्या ठोक्याला सगळे संगणक एकदम सुरू होत, आणि प्रत्येक जण मुख्य कार्यालयातून अँटिव्हायरसची ताजी फाइल ओढू लागे. लाइन दीड मिनिट काठोकाठ भरे, मग मोकळी होई, आणि थोड्या वेळाने पुन्हा भरे.

आता हिशेब पाहावा. आमचे सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी राउटरला विचारत असे, की आतापर्यंत किती बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) गेले, आणि दोन उत्तरांमधील फरकाला ३०० सेकंदांनी भागून सरासरी काढत असे. त्या ३०० सेकंदांपैकी ९० सेकंद लाइन १० मेगाबिटवर आणि उरलेले २१० सेकंद अर्ध्या मेगाबिटवर असेल, तर सरासरी येते ३.३५ मेगाबिट. आलेखावर तेवढेच दिसणार. साप्ताहिक आलेख आणखी सोज्वळ. त्यात अर्ध्या तासाची सरासरी घेतली जाते, म्हणून अर्ध्या तासात असा एकच झटका येऊन गेला असेल तर रेषा जेमतेम एका मेगाबिटवर येते. काउंटरपुढे आठ-दहा माणसे ताटकळत उभी, आणि आमच्या अहवालात लाइनीचा वापर दहा टक्के! यात कोणी खोटे बोलले नाही. आकडे बरोबर होते, आलेखाला विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

ही पाच मिनिटांची सवय कुठून आली, हे सांगण्यासारखे आहे. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात काम करत असताना टोबियास ओटिकर यांनी लाइनीच्या वापराचे आलेख काढणारा एमआरटीजी हा प्रोग्राम लिहायला घेतला आणि १९९५मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. त्या वेळी तिथे बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन होती ६४ किलोबिटची. एवढीशी लाइन दिवसभर तुडुंबच असणार, तिच्यासाठी पाच मिनिटांची सरासरी पुरेशी होती. दिवसाच्या आलेखात पाच मिनिटे, आठवड्याच्या आलेखात अर्धा तास, महिन्याच्या आलेखात दोन तास आणि वर्षाच्या आलेखात एक दिवस, अशी त्यांनी सरासरीची पायरी ठेवली. पुढे १९९९मध्ये आकडे साठवून त्यांचे आलेख काढणारे त्यांचेच आरआरडीटूल आले, आणि कॅक्टाय, लिब्रेएनएमएस यांसारखी आजही सर्रास वापरली जाणारी साधने त्यावरच उभी आहेत. त्याची फाइल कधी वाढत नाही. रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे जुनी नोंद रिकामी होते आणि तिच्या जागी नवी बसते. मात्र जुन्या नोंदी साठवताना सरासरीबरोबर कमाल आकडाही ठेवायचा की नाही, हे ती फाइल तयार करतानाच ठरवावे लागते. त्या दिवशी तो ठेवला नसेल तर वर्षभरानंतर कितीही डोके आपटले तरी मागच्या वर्षीची कमाल परत मिळत नाही. आणि फाइल तयार होते तो दिवस म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्याचा पहिला दिवस, ज्या दिवशी सगळ्यांना पडदा लवकर उजळावा एवढीच घाई असते.

आम्ही त्या शाखेपुरते दर मिनिटाला विचारणे सुरू केले आणि सरासरीच्या भरीव रंगावर कमालची वेगळी रेषा काढली. दीड मिनिटाचा झटका कसाही विभागला गेला, तरी कोणत्या ना कोणत्या मिनिटात लाइन किमान पाऊण भरलेली दिसतेच. पहिल्याच सकाळी करवतीसारखे दात उमटले. अँटिव्हायरसच्या फायली शाखांना वेगवेगळ्या वेळी द्यायच्या असे ठरले, आणि तक्रार संपली. सरसकट सर्व उपकरणांना दर मिनिटाला विचारावे असे मात्र मी म्हणणार नाही. प्रश्न पाचपट होतात आणि जुने स्विच (नेटवर्कमधली उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या) उत्तरे देऊन देऊनच दमतात. कोणत्या लाइनीवर माणसे रांगेत उभी असतात हे पाहून निवड करावी लागते, आणि ती निवड सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी परदेशात बसून करू शकत नाही.

याच प्रकरणात एक गमतीदार गोष्ट लक्षात आली. ग्राहकाला दरमहा जाणाऱ्या अहवालात ‘९५ टक्क्यांची रेषा’ असे. लाइनीच्या वापराचे, म्हणजे बँडविड्थचे, बिल करण्याची ती सर्वमान्य रीत आहे. तीस दिवसांत पाच-पाच मिनिटांच्या ८,६४० नोंदी होतात, त्यांतील सर्वांत मोठ्या पाच टक्के, म्हणजे ४३२ नोंदी सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठा आकडा धरायचा. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. बिलासाठी हे न्याय्य आहे, कारण एखाद-दुसऱ्या झटक्याचे पैसे ग्राहकाला पडत नाहीत. पण शाखेचे कामकाजाचे दिवस महिन्याला पंचवीस धरले आणि रोज सकाळचा अख्खा तास वाया गेला असे मानले, तरी ते होतात २५ तास. म्हणजे शाखेचा महिन्याभराचा सगळा मनस्ताप त्या सोडून दिलेल्या ३६ तासांत आरामात मावतो आणि अहवाल निष्कलंक राहतो. बिलासाठी बनवलेला आलेख सेवेचा पुरावा म्हणून पुढे करणे हा आमच्या धंद्यातला जुना आणि सोयीचा प्रकार आहे, हे माझ्यासारख्या आतल्या माणसाने कबूल केलेच पाहिजे.

उभ्या अक्षाचेही तसेच आहे. मोरबे धरण ८८ मीटरला भरते हे नवी मुंबईकराला पाठ असते, म्हणून ‘आज पातळी इतकी’ ही एका ओळीची बातमीही त्याला पुरते. ८८ ही खूण डोक्यात नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. आमच्या आलेखांवर बहुधा अशी खूणच नसते. सॉफ्टवेअर समोर असलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याप्रमाणे अक्ष ताणून घेते, त्यामुळे दोन मिलिसेकंदांचा विलंब तीन झाला तरी पडद्यावर पारसिकचा डोंगर उभा राहतो, आणि शेजारच्या चौकटीत ९० टक्के भरलेली लाइन तितक्याच उंचीची दिसते. आरआरडीटूलमध्ये अक्षाची वरची मर्यादा लाइनीच्या क्षमतेला बांधता येते, आडवी रेषा मारता येते. ग्राफाना या आलेखांच्या दुसऱ्या साधनात तेच काम चार-पाच क्लिकमध्ये होते. तरीही मी पाहिलेल्या नियंत्रण कक्षांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी ते केलेले नव्हते. नवीन मुलगा रात्री एकटा असतो, डोंगर पाहून घाबरतो आणि वरिष्ठांना उठवतो. असे तीन-चार वेळा झाले की तो डोंगरांकडे बघणेच सोडून देतो.

काही चुका तर आलेख बघून कळणेच अशक्य असते. जुन्या पद्धतीने मोजणारे पोर्ट (उपकरणावरच्या केबल जोडण्याच्या जागा) बाइटची गणती ३२ बिटांच्या मोजकात ठेवतात. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर शून्यावर येई, तसा हा मोजक सुमारे ४२९ कोटी बाइटनंतर शून्यावर येतो. १०० मेगाबिटच्या लाइनीवर त्याला पावणेसहा मिनिटे लागतात, एक गिगाबिटच्या भरलेल्या लाइनीवर फक्त ३४ सेकंद. म्हणजे पाच मिनिटांनी विचारेपर्यंत स्कूटरचा काटा आठ-नऊ वेळा फिरून आलेला असतो आणि आलेख काढणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. तो शांतपणे एक छोटा, खोटा आकडा काढून दाखवतो. ६४ बिटांचे मोजक गेल्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध आहेत आणि बहुतेक साधनांत ते निवडण्याचा पर्याय असतो. प्रश्न तो पर्याय तपासून पाहण्याचा आहे.

आता नकाशाकडे येतो, कारण माझ्या मते सर्वांत जास्त हयगय तिथे होते. कोणते उपकरण कोणाला जोडलेले आहे हे सॉफ्टवेअर आपोआप शोधते. शेजारी-शेजारी असलेले स्विच एलएलडीपी या ठरलेल्या पद्धतीच्या संदेशांतून एकमेकांना ओळख देत असतात, ती ओळख जमवून सॉफ्टवेअर ठिपके आणि रेघा मांडते. ही मांडणी दिसायला मोहक असते, पण पान ताजे केले की ठिपके इकडचे तिकडे होतात. रात्री तीन वाजता डोळे चोळत पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाला रबाळे डावीकडे असते की उजवीकडे, हे रोज नव्याने शोधावे लागले तर तो नकाशा कशाचा? आम्ही आपोआप मांडणी बंद केली आणि उपकरणे ट्रान्स हार्बर मार्गाच्या स्थानकांच्या क्रमाने बसवली. ठाणे, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. सकाळच्या लोकलने कामावर येणाऱ्या कोणालाही तो नकाशा शिकवावा लागत नाही. घणसोलीच्या पुढचे सगळे लाल झाले, की गडबड घणसोली आणि कोपरखैरणे यांच्या मध्ये आहे हे नव्या मुलालाही पहिल्या दिवशी कळते.

तरी त्या नकाशाने आम्हाला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले. ऐरोली ते तुर्भे अशा आमच्या दोन लाइनी होत्या, एक मुख्य आणि एक राखीव. पडद्यावर त्या दोन बाजूंनी गोल वळसा घेऊन जाताना दिसत, आणि ग्राहकांना आम्ही ते चित्र अभिमानाने दाखवत असू. पावसाळ्यापूर्वीच्या एका खोदकामात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत जेसीबीचा एक घाव बसला आणि दोन्ही रेघा एकाच सेकंदाला लाल झाल्या. दोन्ही केबली काही अंतर एकाच चरातून गेल्या होत्या. सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. कोण कोणाला जोडलेले आहे एवढेच त्याला ठाऊक असते, केबल जमिनीखाली कुठून जाते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याची जागा मात्र त्यात असते. त्यानंतर आम्ही केबल टाकणाऱ्या कंत्राटदाराच्या जुन्या मुकादमाला कक्षात बोलावले, त्याच्याशेजारी बसून प्रत्येक रेघेचा चर कोणता ते विचारून घेतले आणि एकाच चरातल्या रेघा नकाशावर एकमेकींना चिकटवून काढल्या. नकाशा कुरूप झाला. एका वरिष्ठांनी तो पाहुण्यांना दाखवू नये असेही सुचवले. पाहुण्यांसाठी आमच्याकडे वेगळा पडदा आहे, त्यावर गाडीच्या काट्यासारख्या फिरणाऱ्या तबकड्या आहेत, आणि तो लग्नाच्या मांडवासारखा सजलेला असतो. त्याकडे बघून आजवर एकही बिघाड सापडलेला नाही.

रंगांविषयी थोडक्यात. लाल आणि हिरवा यांतला फरक न कळणारी माणसे असतात, पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरेच जास्त असते, आणि आमच्या रात्रपाळीत पुरुषच अधिक. आमच्यातलाच एक अनुभवी सहकारी वर्षानुवर्षे रंग न बघता आकडे वाचून काम करत होता, हे आम्हाला योगायोगाने कळले. संकोचामुळे तो बोलला नव्हता. निळा आणि नारिंगी असे रंग घेऊन भरलेली लाइन जाड दाखवायला मला एक दुपार पुरली.

वेळेचा घोळ त्याहून महागात पडतो. अनेक सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे अडीच वाजता लाइन तुटली तर आलेखावर आदल्या तारखेचे रात्रीचे नऊ दिसतात. ‘त्या तारखेला बिघाड झालाच नव्हता’ असा युक्तिवाद करून एका पुरवठादाराने आमचा भरपाईचा दावा परत पाठवला होता, आणि तारखेपुरते त्याचे म्हणणे आलेखाशी जुळतही होते. त्यातच त्या बिघाडाच्या चाळीस मिनिटांत आकडे आलेच नव्हते, आणि सॉफ्टवेअरने ती रिकामी जागा सरळ रेघेने जोडून टाकली होती. पडद्यावर बिघाड उरलाच नाही. रिकामी जागा रिकामीच दाखवायची की जोडायची की शून्य मानायची, हा पर्याय बहुतेक साधनांत असतो, आणि देखरेखीच्या कामात रिकामी जागा रिकामीच दिसली पाहिजे याविषयी माझ्या मनात शंका नाही.

हे सगळे बदल अवघड नाहीत. अडते ते परवानगीपाशी. पडद्यासमोर आठ तास बसणाऱ्या माणसाला आलेख फक्त पाहण्याचा हक्क असतो. बदलण्याचा हक्क पुरवठादाराकडे असतो, आणि त्याला सांगायचे तर आधी विनंतीपत्र, मग मंजुरी, मग वेगळे बिल. कोणता आलेख निरुपयोगी आहे हे ज्याला पहिल्या आठवड्यात कळते, त्याचे म्हणणे तीन पायऱ्या चढून वर जाईपर्यंत तो बहुधा दुसरी नोकरी धरतो. म्हणून माझी सूचना अशी, की सार्वजनिक पैशाने जिथे असे पडदे बसवले जातात तिथे निविदेतच बसवणीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत आलेख दुरुस्त करण्याचे ठरावीक तास लिहून घ्यावेत, आणि ते काम पाळीतल्या माणसांच्या शेजारी बसून करण्याची अट घालावी. प्रत्येक आलेखाच्या खाली एक ओळ असावी. आकडे किती मिनिटांच्या सरासरीचे आहेत, सरासरी आहे की कमाल, एकक बिट आहे की बाइट, लाइनीची क्षमता किती आणि वेळ कुठली. बिट आणि बाइट यांत आठपटीचा फरक आहे, आणि बैठकीत दोन खाती त्यावरून तासभर भांडलेली मी पाहिली आहेत.

ही विनंती मी आपल्या दैनिकालाही करू इच्छितो. पावसाळ्यात धरणांचे, उन्हाळ्यात विजेच्या मागणीचे आलेख वृत्तपत्रांत छापून येतात आणि आम्ही ते आवडीने पाहतो. त्यांचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की मध्येच, हे तिथे छापले जावे. धरणाच्या आलेखात पातळी दाखवली आहे की साठा, हेही लिहावे, कारण धरण वर रुंद आणि खाली अरुंद असल्यामुळे वरच्या एका मीटरमधले पाणी तळाच्या एका मीटरपेक्षा कितीतरी अधिक असते. आमच्या कक्षात आलेखाखालची ती ओळ आम्ही सुरुवातीला कागदावर लिहून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटपट्टीने लावली होती. सॉफ्टवेअरमध्ये ती टाकायला मंजुरी मिळेपर्यंत पाच महिने गेले, आणि कागद अजूनही तिथेच आहे.

आपला नम्र,
एक वाचक, घणसोली, नवी मुंबई